सी शिकायची आहे: साहित्य कुठलं घ्यावं आणि पारखावं कसं?

शून्यप्रहर

नमस्कार मंडळी,

पायथन बऱ्यापैकी येतं, छोटीमोठी कामं त्यात करतो. आता सी मनापासून शिकायची आहे. दोन कारणं आहेत. एक म्हणजे मायक्रोकंट्रोलरवर काम करायचं आहे, आणि दुसरं म्हणजे प्रोग्राम चालतो तेव्हा मेमरीत नेमकं काय होतं हे एकदा नीट समजून घ्यायचं आहे.

साहित्याला तोटा नाही, अडचण उलटी आहे. पुस्तकं, व्हिडिओ, 'झटपट सी' छापाच्या टिपणांची संकेतस्थळं असं इतकं आहे की कुठे हात घालावा कळत नाही. शिवाय एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. एका ठिकाणी ठामपणे लिहिलंय की अ‍ॅरे म्हणजेच पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारा चल. म्हणून करून पाहिलं. दहा इंटचा अ‍ॅरे घेतला, मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार सांगणारं चिन्ह, लावलं तर ४० आलं. तोच अ‍ॅरे फंक्शनला दिला आणि आत साइझऑफ लावलं तर ८! दोन्ही एकच असतील तर उत्तरं वेगळी कशी?

तर विचारायचं आहे ते असं: सुरुवातीला कुठलं पुस्तक धरावं, व्हिडिओवर भागेल का, कंपायलर कुठला घ्यावा, सराव कशावर करावा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर आलेलं साहित्य विश्वासाचं आहे की नाही हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

रानजाई

कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज', म्हणजेच के अँड आर. दुसरी आवृत्ती. ज्याने भाषा घडवली त्यानेच लिहिलेलं पुस्तक असताना बाकी शोधाशोध कशाला?

धूमकेतू

पुस्तकांवर इथे भरपूर चर्चा होईलच, म्हणून मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

सीबद्दलचं चुकीचं साहित्य वर्षानुवर्षं टिकून राहतं आणि त्याला भाषेतच कारण आहे. पायथनमध्ये लिस्टच्या बाहेरचा घटक मागितला की इंडेक्सएरर येतो आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. सीमध्ये अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं तर कोणी अडवेलच असं नाही. प्रोग्राम पुढे चालतो, पुष्कळदा उत्तरही बरोबर येतं. म्हणजे लिहिणाऱ्याने प्रोग्राम चालवून पाहिला, उत्तर बरोबर आलं, त्याने तो छापला, आणि पुढच्याने त्याच्यावरून उतरवला. 'चालवून पाहिलं, चालतंय' हा पुरावा बाकी भाषांत जितका चालतो तितका सीमध्ये चालत नाही. म्हणून सीचं साहित्य निवडताना लिहिणाऱ्याची शिस्त बघावी लागते.

कुठलंही पुस्तक किंवा संकेतस्थळ उघडलं की मी काही ठरावीक जागा आधी बघतो.

पहिली जागा म्हणजे गेट्स हे फंक्शन. वापरणाऱ्याकडून ओळ वाचून घ्यायला ते वापरलेलं दिसलं की ते साहित्य बाजूला ठेवा. गेट्सला तुमच्याकडे जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. समोरच्याने लांब ओळ दिली की ते शेजारच्या मेमरीत लिहीत सुटतं. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रामने ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक फिंगर या (वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या) सेवेतल्या गेट्सचीच होती. भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून (अधिकृत नियमावलीतून), म्हणजे सी११ मधून, ते काढूनच टाकलं. त्यानंतरही जो ते शिकवतो, त्याने बाकीचंही तपासलेलं नसणार.

दुसरी जागा म्हणजे फाइल वाचण्याचं उदाहरण. 'जोवर एफईओएफ (फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन) नाही तोवर वाच' अशी लूप असेल तर सावध व्हा. एफईओएफ हे वाचन फसल्यानंतर खरं होतं, आधी नाही. त्यामुळे अशा लूपमध्ये शेवटची ओळ सहसा दोनदा येते. योग्य रीत म्हणजे वाचणाऱ्या फंक्शनने काय परत दिलं तेच लूपच्या अटीत तपासायचं.

तिसरी जागा 'याचं उत्तर काय येईल?' छापाची कोडी. एकाच ओळीत आय प्लसप्लस आणि प्लसप्लस आय (दोन्ही आयला एकने वाढवतात) यांची बेरीज करून ती परत आयमध्येच ठेवायची, आणि मग उत्तर अमुक येतं म्हणून पाठ करायला लावायचं. प्रमाणानुसार अशा ओळीला उत्तरच नाही, तिचं वर्तन अनिर्धारित आहे. अशा ओळीचं एक ठाम उत्तर सांगणारा लेखक तुम्हाला एका जुन्या कंपायलरचा स्वभाव शिकवतोय, भाषा नव्हे.

व्हॉइड मेन, कोनिओ हेडर, स्क्रीन पुसायला क्लिअरस्क्रीन, एफफ्लश लावून इनपुट साफ करणं, ही सगळी टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या डॉस काळातली चिन्हं. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा होता. त्या काळी ते साधन उत्तम होतं यात शंका नाही, पण त्या टिपणांवर आज अभ्यास केला तर अर्धा वेळ माझ्याकडे हे चालत का नाही हेच शोधण्यात जातो.

याउलट चांगल्या साहित्यात फाइल उघडली की ती खरंच उघडली का हे तपासलेलं असतं, मेमरी मागणाऱ्या मॅलॉकने नल (जागा नसल्याची खूण) दिला का ते बघितलेलं असतं, इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफने किती गोष्टी वाचल्या ते विचारलेलं असतं. उदाहरण पाच ओळींचं असलं तरी.

आता तुमचं ४० आणि ८. तुमचा प्रयोग बरोबर आहे आणि ते वाक्य चूक आहे. अ‍ॅरे हा अ‍ॅरेच असतो. चार बाइटचे दहा इंट, म्हणून ४०. पण बहुतेक अभिव्यक्तींमध्ये अ‍ॅरेचं नाव आलं की त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता पुढे जातो. फंक्शनला अ‍ॅरे देता तेव्हा आत पोचतो तो फक्त हा पत्ता, आणि ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ८ बाइटचा. फंक्शनच्या यादीत तुम्ही चौकटी कंसात दहा लिहिलं असलं तरी कंपायलर ते पॉइंटर म्हणूनच वाचतो. साइझऑफ आणि पत्ता काढायचा अँड ही रूपांतर न होण्याची ठळक ठिकाणं, म्हणूनच मेनमध्ये तुम्हाला खरा आकार दिसला. यातून सरावाचा नियम निघतो: फंक्शनला अ‍ॅरे द्यायचा तर त्याची लांबी वेगळी द्यायची.

शून्यप्रहर

धूमकेतू, मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. 'अनिर्धारित' म्हणजे उत्तर प्रत्येक यंत्रावर वेगळं येऊ शकतं, एवढंच ना?

धूमकेतू

नाही, त्यापेक्षा बरंच जास्त. आणि हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

यंत्रागणिक वेगळ्या असणाऱ्या गोष्टी सीमध्ये आहेतच, उदाहरणार्थ इंटचा आकार. त्या प्रत्येक कंपायलरने लिहून जाहीर करायच्या असतात. अनिर्धारित वर्तन ही निराळी गोष्ट. तिथे प्रमाण काहीच बंधन घालत नाही, आणि कंपायलर असं गृहीत धरून चालतो की असं तुमच्या प्रोग्राममध्ये कधी घडणारच नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. कंपायलर एक्सप्लोरर नावाचं संकेतस्थळ आहे, मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये सुरू केलेलं. डावीकडे सी लिहायची, उजवीकडे तिचं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या आज्ञा, दिसतं. तिथे एक छोटं फंक्शन लिहा: एक इंट एक्स घ्यायचा आणि 'एक्स अधिक एक हे एक्सपेक्षा मोठं आहे का' एवढंच परत द्यायचं. ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्याची) दुसरी पातळी लावा. उजवीकडे बेरीजही नसेल आणि तुलनाही नसेल. 'एक परत दे' एवढीच आज्ञा उरलेली दिसेल. चिन्हांकित (ऋण किंमतही ठेवणाऱ्या) इंटची बेरीज मर्यादेबाहेर जाणं अनिर्धारित आहे, म्हणून कंपायलरने ठरवलं की ती जाणारच नाही आणि उत्तर कायम 'खरं'. आता एक्सला अनसाइन्ड (अचिन्हांकित, ऋण किंमत न ठेवणारा) करा. तुलना लगेच परत येते, कारण अनसाइन्डमध्ये मर्यादा ओलांडली की शून्यावर येणं हे प्रमाणाने नक्की ठरवून दिलेलं आहे.

असेंब्ली येत नसेल तरी हा प्रयोग करा. दोन-तीन ओळींचाच फरक आहे, नुसता बघून कळतो.

सांजवारा

रानजाईंचा आदर राखून के अँड आरबद्दल थोडं वेगळं मत मांडते.

पुस्तक अप्रतिम आहे, वाद नाही. पावणेतीनशेच्या आत पानं आणि एकही वाक्य वाया घालवलेलं नाही. पण दुसरी आवृत्ती १९८८ ची आहे. त्यानंतर सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ ही नवी प्रमाणं आली. आज तुम्ही ते पुस्तक उघडून पहिलाच प्रोग्राम जसाच्या तसा टंकलात तर नव्या जीसीसी कंपायलरवर अडखळाल, कारण त्यात मेनच्या आधी परतीचा प्रकार लिहिलेलाच नाही. तेव्हा तो इंट धरला जायचा. जीसीसी १४ पासून ती मुळातच चूक धरली जाते. पुढे त्याच प्रकरणात सर्वांत लांब ओळ शोधणारा प्रोग्राम येतो. त्यातलं गेटलाइन हे नाव लिनक्सच्या हेडरमधल्या (फंक्शनांच्या घोषणांच्या फाइलमधल्या) त्याच नावाच्या फंक्शनशी भांडतं. नाव बदललं की लगेच चालतं, पण हे नवख्या माणसाला कोण सांगणार? त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

शिवाय ते पुस्तक ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. शून्यप्रहर यांना पायथन येतं म्हणजे ते वाचू शकतील. पण पॉइंटर आणि मेमरीची कल्पना पहिल्यांदाच मनात रुजवायची असेल तर मी के. एन. किंग यांचं 'सी प्रोग्रॅमिंग: अ मॉडर्न अप्रोच' सुचवेन, दुसरी आवृत्ती, २००८ ची. जाडजूड आहे, आठशेच्या वर पानं. सी८९ आणि सी९९ यांतला फरक ठिकठिकाणी खुणा करून दाखवलाय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा भाग आहे, तो अजिबात वगळू नका. वाचताना जी शंका मनात येते नेमकी तीच तिथे विचारलेली असते.

रानजाई

सांजवारा, गेटलाइनचा मुद्दा मान्य, तो सांगायलाच हवा होता. तरीही के अँड आर सोडू नका म्हणेन, आणि तेही त्यातल्या स्वाध्यायांसाठी. टॅबच्या जागी बरोबर तेवढ्या मोकळ्या जागा घालणारा प्रोग्राम, लांब ओळी योग्य ठिकाणी दुमडणारा प्रोग्राम, चौथ्या प्रकरणातला उलट पोलिश पद्धतीचा गणकयंत्राचा प्रोग्राम, पाचव्यातला सीच्या किचकट घोषणा साध्या शब्दांत उलगडून सांगणारा प्रोग्राम. आणि आठव्या प्रकरणात चक्क मॅलॉक स्वतः लिहून दाखवलाय. तेवढी पानं समजली की मॅलॉक ही जादू राहत नाही. मोकळ्या तुकड्यांची एक साखळी आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा आकार, एवढंच ते आहे.

किंग आधी, के अँड आर नंतर, असं केलं तर आपल्या दोघांचं म्हणणं राहील.

सांजवारा

अगदी. माझंही हेच म्हणणं.

बिनतारी

मोफत काही हवं असेल तर येन्स गुस्टेट यांचं 'मॉडर्न सी' त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतं. ते स्वतः सीच्या प्रमाण समितीत काम केलेले आहेत, त्यामुळे नव्या प्रमाणानुसार सी कशी लिहावी हे थेट मुळातून कळतं. चढत्या पातळ्यांची रचना आहे. पण अगदी पहिलं पुस्तक म्हणून जड जातं, भाषा नेमकी आणि थोडी कोरडी. पायथन येणाऱ्याला दुसरं पुस्तक म्हणून उत्तम.

'बीज गाइड टू सी' हेही मोफत आहे. गप्पा मारल्यासारखं लिहिलंय पण तांत्रिक बाजूने काळजीपूर्वक.

मुसाफिर

व्हिडिओबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हार्वर्डचा सीएस५० हा अभ्यासक्रम मोफत बघता येतो, डेव्हिड मॅलन शिकवतात. सुरुवात स्क्रॅचने, मग काही आठवडे सी, मग पायथन. मेमरीचं व्याख्यान आवर्जून बघा. प्रश्नसंचही भरघोस आहेत, आणि पाठवलेलं उत्तर आपोआप तपासून मिळतं.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत ते स्वतःची एक लायब्ररी देतात, तिच्यात 'स्ट्रिंग' नावाचा प्रकार आहे. सीमध्ये असा प्रकार नाही. तो कॅरेक्टरच्या पॉइंटरला दिलेला मुखवटा आहे, आणि मेमरीच्या आठवड्यात तो स्वतः मॅलनच काढून दाखवतात. अर्ध्यावर सोडलंत तर सीमध्ये स्ट्रिंग असते हा समज तसाच राहील. त्या व्याख्यानापर्यंत तरी जाच.

नुसते व्हिडिओ बघून सी येणार नाही हेही खरं. ऐकताना सगळं पटतं, आणि रिकाम्या फाइलसमोर बसलं की पहिला कंस कुठे उघडायचा तेही सुचत नाही. जेवढा वेळ बघाल त्याच्या निदान दुप्पट वेळ टंकायला द्या.

सांजवारा

कंपायलरचा प्रश्न राहिला. लिनक्स असेल तर जीसीसी किंवा क्लँग, दोन्ही चांगले. मॅकवर अ‍ॅपलची कमांड लाइन साधनं बसवली की क्लँग मिळतो, आणि तिथे जीसीसी टंकलं तरी चालतो तो क्लँगच. विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवून आत लिनक्समध्ये काम करा, असं मी सुचवेन. कारण खाली देते. आणि एक नेहमीचा गोंधळ: व्हीएस कोड हा एडिटर आहे, कंपायलर नाही. तो बसवला म्हणजे सी चालू लागेल असं नाही.

आता महत्त्वाचं. पहिल्या दिवसापासून इशारे चालू ठेवा. हायफन डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे दोन पर्याय नेहमी लावायचे, आणि इशारा आला की तो समजल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'नुसता वॉर्निंगच आहे' असं म्हणून सोडून देण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. सीमध्ये इशारा म्हणजे बहुतेक वेळा खरी चूकच असते.

दुसरं साधन म्हणजे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. कंपाइल करताना एफ-सॅनिटाइझ बरोबर अ‍ॅड्रेस एवढंच जोडायचं, सोबत डीबग माहितीसाठी हायफन जी. हे काय करतं ते एका प्रयोगाने सांगते. पाच अक्षरांचा 'हॅलो' हा इंग्रजी शब्द घ्या, एच ई एल एल ओ. स्ट्रलेनने लांबी काढा, ५ येईल. तेवढीच जागा मॅलॉककडून मागा आणि स्ट्रकॉपीने शब्द त्यात उतरवा. साधं कंपाइल करून चालवलं तर शब्द व्यवस्थित छापला जाईल. पुन्हा चालवा, पुन्हा बरोबर. ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक ५ बाइट मागितले तरी प्रत्यक्षात वापरण्याजोगे २४ देतो, त्यामुळे चूक पोटात दडून राहते.

तोच प्रोग्राम सॅनिटायझर लावून चालवा. तो जागच्या जागी थांबेल आणि सांगेल: हीप बफर ओव्हरफ्लो (मागून घेतलेल्या जागेबाहेर लेखन), ६ बाइटचं लेखन, ५ बाइटच्या तुकड्यानंतर ० बाइटवर, अमुक फाइल, अमुक ओळ, आणि तो तुकडा कुठल्या ओळीवर मागितला होता तेही. पाच अक्षरांनंतर स्ट्रिंगचा शेवट सांगणारा शून्य बाइट लागतो, तो सहावा. धूमकेतू वर म्हणाले की 'चालवून पाहिलं' हा पुरावा सीमध्ये चालत नाही. हे साधन लावलं की तो पुरावा बऱ्याच अंशी चालू लागतो. माझ्या लेखी हे कुठल्याही पुस्तकाइतकंच मोठं शिकवण्याचं साधन आहे.

विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू जीसीसीमध्ये हा सॅनिटायझर मिळत नाही आणि मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंडही थेट विंडोजवर चालत नाही, म्हणून डब्ल्यूएसएल.

अक्षरवेल

वाचनमात्र होते, पण एक विचारते. चॅट करणाऱ्या एआयकडून सी शिकलं तर? चूक विचारली की लगेच उत्तर मिळतं.

धूमकेतू

कंपायलरच्या त्रुटीचा अर्थ विचारायला, पुस्तकातला परिच्छेद सोपा करून घ्यायला जरूर वापरा. पण लिहून दिलेला प्रोग्राम मी वर सांगितलेल्या कसोट्यांवर घासून आणि सॅनिटायझर लावून मगच स्वीकारा. आणि स्वाध्याय त्याच्याकडून सोडवून घेऊ नका. तो झगडा तुमच्या वाट्याचा आहे, तिथेच शिकणं होतं.

फंक्शनची नेमकी माहिती हवी असेल तेव्हा लिनक्सवर मॅन पानं (टर्मिनलमध्ये दिसणारी माहितीपानं) बघायची सवय लावा. तिसऱ्या विभागात लायब्ररीची फंक्शनं, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या. प्रत्येक पानावर 'रिटर्न व्हॅल्यू' नावाचा परिच्छेद असतो, निदान तो तरी वाचायचाच. ब्राउझरमध्ये सीपीपीरेफरन्सचा सी विभाग चांगला आहे, नाव सी प्लसप्लसचं असलं तरी. आणि अगदीच वाद पेटला तर सी११ च्या प्रमाणाचा अखेरचा मसुदा, एन१५७०, मोफत मिळतो. तो शिकायला नाही, निवाड्याला.

बिनतारी

सरावाबद्दल. दोनशे कोडी सोडवण्यापेक्षा चार-पाच गोष्टी स्वतः बांधाव्यात असं मला ठामपणे वाटतं. पायथनमध्ये जे आयतं मिळतं तेच सीमध्ये घडवायचं. आधी वाढणारी लिस्ट: जागा संपली की रिअ‍ॅलॉकने दुप्पट करायची. मग स्ट्रिंग तोडून तुकडे करणारं फंक्शन, आणि ते लिहिताना स्वतःला विचारायचं की या तुकड्यांची मेमरी कोणाची, ती मोकळी कोणी करायची? या प्रश्नाचं उत्तर कुठेही लिहून ठेवायला सी तुम्हाला भाग पाडत नाही, म्हणून ते फंक्शनच्या वर टिप्पणीत आपणच लिहायचं. मग हॅश टेबल, म्हणजे पायथनची डिक्शनरी आतून कशी असते ते कळेल. शब्द मोजणारा प्रोग्राम त्याच हॅश टेबलवर बसवा.

यानंतर दुसऱ्यांचा कोड वाचा. किलो नावाचा टेक्स्ट एडिटर आहे, साधारण हजार ओळींचा, एकाच फाइलमध्ये. तो टप्प्याटप्प्याने कसा बांधायचा हे शिकवणारं स्वतंत्र मोफत मार्गदर्शनही उपलब्ध आहे. त्यात टर्मिनलला कच्च्या पद्धतीत टाकणं (दाबलेली प्रत्येक कळ लगेच प्रोग्रामला मिळेल असं) वगैरे अशा गोष्टी येतात ज्या पुस्तकात सहसा नसतात. पुढे कधीतरी लुआ या भाषेचा मूळ कोड. आटोपशीर आहे आणि फार नेटका लिहिलाय. एसक्यूलाइट हा डेटाबेस एवढ्यात नको, पसारा मोठा आहे.

नभोवाणी

धागाकर्त्यांनी मायक्रोकंट्रोलरचा उल्लेख केलाय, त्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं.

घाई करून थेट बोर्डावर सुरुवात करू नका. तिथे चूक झाली तर पडद्यावर संदेश येत नाही, बोर्ड नुसता गप्प बसतो. पॉइंटर, स्ट्रक्चर आणि बिटांवरच्या क्रिया संगणकावर पक्क्या करा आणि मग उतरा. तिकडे गेल्यावर तीन गोष्टी पावलोपावली लागतील. ठरावीक रुंदीचे प्रकार, म्हणजे एसटीडीइंट हेडरमधले आठ, सोळा, बत्तीस बिटांचे, कारण इंट किती मोठा हे चिपगणिक बदलतं. व्होलाटाइल हा शब्द, कारण हार्डवेअरच्या रजिस्टरमधली किंमत तुमच्या कोडने हात न लावताही बदलते आणि कंपायलरला ते सांगावं लागतं. आणि मास्क (हवे तेवढेच बिट निवडणारी संख्या) लावून एखादा बिट तपासणं.

या शेवटच्यावर एक खाचखळगा. 'रजिस्टर अँड मास्क बरोबर आहे का शून्याशी' असं कंस न घालता लिहिलं तर आधी मास्कची शून्याशी तुलना होते, मग अँड. म्हणजे भलतंच उत्तर. डब्ल्यू-ऑल लावलं असेल तर कंपायलर कंस घाला म्हणून सुचवतो.

अवांतर: हा क्रम असा का, याचं उत्तर डेनिस रिची यांनीच सीच्या जडणघडणीवरच्या १९९३ च्या निबंधात दिलंय. सीच्या आधीच्या बी भाषेत एकेरी अँड हाच अटींमध्ये तार्किक 'आणि' म्हणूनही चालायचा, त्यामुळे त्याचा क्रम तुलनेच्या खाली असणं सोयीचं होतं. दुहेरी अँड नंतर आला, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून एकेरीचा क्रम तसाच ठेवला. तो निबंध छोटा आहे, इंटरनेटवर मिळतो. भाषेतल्या अनेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींमागे धडधडीत कारण आहे हे त्यात कळतं. मला तो वाचल्यावर सी जास्त आवडू लागली.

शून्यप्रहर

एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार.

किंग मागवलं आहे. डब्ल्यूएसएलमध्ये जीसीसी बसवलं, आणि सांजवारा यांचा सहा बाइटांचा प्रयोग करून पाहिला, अगदी सांगितलं तसंच झालं. आधी साधं चालवलं तेव्हा सगळं ठीक दिसत होतं, हेच जास्त धक्कादायक वाटलं.

पुस्तक येईपर्यंत के अँड आरचं पहिलं प्रकरण मित्राकडून घेऊन चाळतोय. तिथे एक अडलं. गेटचार एकेक अक्षर वाचतं, मग त्याची परत आलेली किंमत कॅरमध्ये न ठेवता इंटमध्ये का ठेवली आहे?

रानजाई

फार चांगल्या जागी थांबलात, बरेच जण इथून तसेच पुढे निघून जातात.

गेटचारला २५६ वेगवेगळे बाइट तर परत देता आले पाहिजेतच, शिवाय 'आता काही उरलं नाही' हेही सांगता आलं पाहिजे. म्हणजे २५७ वेगळ्या किमती, आणि आठ बिटांच्या कॅरमध्ये २५६ च मावतात. म्हणून बाइट ० ते २५५ असे येतात आणि ईओएफ ही ऋण किंमत असते, बहुधा उणे एक. दोन्ही एकत्र मावायला इंट लागतो.

कॅरमध्ये ठेवलं तर काय होतं ते कॅर चिन्हांकित आहे की नाही यावर ठरतं, आणि ते प्रमाणाने कंपायलरवर सोडलंय. इंटेलच्या यंत्रांवर तो सहसा चिन्हांकित असतो. तिथे फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला की तो उणे एक होतो आणि लूप फाइल संपायच्या आधीच थांबते. आर्म लिनक्सवर कॅर सहसा अचिन्हांकित असतो. तिथे उणे एकचे २५५ होतात, ईओएफशी जुळतच नाहीत आणि लूप कधीच थांबत नाही.

करून बघायचं असेल तर यंत्र बदलायची गरज नाही. जीसीसीला एफ-अनसाइन्ड-कॅर हा पर्याय द्या, घोषणेत इंटच्या जागी कॅर करा आणि एक छोटी फाइल इनपुट म्हणून द्या. कंट्रोल-सी हाताशी ठेवा.

शून्यप्रहर

केलं. थांबतच नाही. आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा लावल्यावर कंपायलरने आधीच सांगितलं होतं की ही तुलना प्रकाराच्या मर्यादेमुळे कायम एकच उत्तर देणार आहे.

सांजवारा

छान. आता हाच प्रोग्राम गेटचारऐवजी एफगेट्सने ओळ-ओळ वाचून लिहा. ओळ बफरपेक्षा लांब निघाली तर एफगेट्स तिचा एक तुकडाच देतं आणि पुढच्या वेळी उरलेला. तुकडा अर्धा आहे हे ओळखायची खूण म्हणजे शेवटी नवीन ओळीचं चिन्ह नसणं. फाइलची शेवटची ओळ मात्र त्या चिन्हाविनाही पूर्ण असू शकते, तो फरकही तुमच्या प्रोग्रामला कळला पाहिजे. अडलात तर कोड इथेच टाका, बघू.